भंडाऱ्याचा पिवळा आणि रॉ फाइलबद्दलचे समज

जेजुरीत सोमवती अमावस्येला भंडारा उधळतानाचा फोटो रॉमध्ये काढून संगणकावर उघडला, की शिकाऊ माणसाची बहुधा निराशा होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झळाळणारा पिवळा इथे फिकट पडलेला असतो. मग कोणी म्हणतं कॅमेऱ्यात दोष आहे, तर कोणी म्हणतं हाच खरा फोटो, याला हात लावणं खोटेपणाचं. दोन्ही समज चुकीचे आहेत.

रॉ फाइलमध्ये तयार चित्र नसतंच. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. प्रत्येक बिंदूचे राहिलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग हे सगळं त्यानंतर ठरतं. जेपेग काढला तर हे कॅमेरा ठरवतो, रॉ काढला तर तुम्ही. कोणीच काही ठरवलेलं नाही, असा डिजिटल फोटो मिळत नाही.

प्रामाणिकपणाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि जाणकारांचीही त्यावर दोन मतं दिसतात. रॉयटर्सने २०१५ मध्ये मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातलाच जेपेग पाठवा, असं कळवलं. उलट ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत फोटो अस्सल आहे का, हे तपासायला मूळ फाइलच मागतात. मला दुसरी वाट अधिक पटते, कारण मूळ फाइल हाती असली की काय बदललं ते ताडून पाहता येतं.

आता भंडाऱ्याकडे. भंडारा म्हणजे हळद, आणि हळद निळा प्रकाश शोषते. लाल आणि हिरवा परत पाठवते. जेपेग बनवताना कॅमेरा व्हाइट बॅलन्ससाठी लाल चॅनल वाढवतो, वर रंग गडद करतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. लाल टोकाला जाऊन थांबतो आणि हवेत उडालेल्या भंडाऱ्याचे पदर एका सपाट डागात मिसळतात. १४ बिटच्या रॉमध्ये पायऱ्या १६,३८४ असतात, आणि पुष्कळदा ते पदर तिथे शाबूत असतात. ते बाहेर काढायला सॅच्युरेशन वाढवायचं नाही. एक्स्पोजर जरा खाली आणून फक्त पिवळ्याची ल्युमिनन्स कमी करायची. चौकटभर पिवळा असला की ऑटो व्हाइट बॅलन्स फसतो आणि सावल्या निळसर होतात. ड्रॉपर पांढऱ्या सदऱ्यावर टेकवूनही उपयोग नाही, कारण त्यावर भंडारा बसलेला असतो. उन्हातला फोटो असेल तर ‘डेलाइट’पासून सुरुवात करावी.

म्हणून रॉमध्ये सगळंच वाचवता येतं, असं मात्र नाही. जिथे सेन्सरच भरून गेला तिथली माहिती संपली. हायलाइट्सचा स्लायडर उरलेल्या चॅनलवरून अंदाज बांधतो, इतकंच. अंधार उजळला की त्यातला नॉइजही वर येतो. हललेला फोटो हललेलाच राहतो. कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्रामसुद्धा साधारणपणे जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो रॉची अचूक सीमा दाखवत नाही.

मूळ फाइल बिघडेल ही भीतीही अनाठायी आहे. लाइटरूम किंवा डार्कटेबल बदलांची नोंद कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवतं. बॅकअप घेताना तीही सोबत घ्यायला हवी.

महागडं सॉफ्टवेअरही लागत नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. पैसे वाचतील ते मेमरी कार्डावर घाला आणि कॅमेरा ‘रॉ अधिक जेपेग’वर ठेवा. तयार प्रीसेटच्या मागे लागण्याआधी स्वतःच्या रॉवरून कॅमेऱ्याच्या जेपेगपर्यंत पोहोचून पाहा. कोणत्या स्लायडरने काय होतं ते त्यातच कळतं, आणि कॅमेऱ्याने पिवळ्यात काय गमावलं तेही.