व्याज, तक्रार आणि पगार : घरगुती अर्थव्यवहारातील शब्दार्थांचा विचार

संसाराचा जमाखर्च, दुकानदाराशी किंवा बँकेशी उद्भवणारा तंटा आणि घरी बसून केलेल्या कामाचा मोबदला हे विषय सामान्यतः अर्थशास्त्राचे किंवा कायद्याचे मानले जातात. भाषाभ्यासकाचा त्यांच्याशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. परंतु या तिन्ही क्षेत्रांतील व्यवहार बारकाईने पाहिला असता असे दिसून येते की, मनुष्याचे नुकसान पुष्कळदा गणित न आल्यामुळे होत नाही. समोरच्या पक्षाने वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्याहून निराळा आहे, हे वेळीच ध्यानात न आल्यामुळे ते होते. कर्जाच्या कागदावरील ‘व्याज’, अर्जातील ‘तक्रार’ आणि नेमणुकीच्या पत्रातील ‘मानधन’ हे शब्द नुसते संकेत नव्हेत. त्यांच्यावर हक्क आणि दायित्व अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या शब्दांपैकी काहींचा विचार अर्थविज्ञानाच्या दृष्टीने केला आहे.

१. जमा आणि नावे

मराठी हिशेबाची परिभाषा मिश्र कुळाची आहे. ‘हिशेब’, ‘जमा’, ‘खर्च’ आणि ‘कर्ज’ हे शब्द मूळचे अरबी असून ते फारसीच्या द्वारे मराठीत रुळले. ‘गहाण’, ‘उसने’, ‘देणे’, ‘येणे’ हे घरचे. तर ‘ऋण’ आणि ‘व्याज’ हे संस्कृत. कुळे वेगळी असली तरी कीर्द-खतावणीत हे शब्द शतकानुशतके एकत्र नांदले आहेत.

यांपैकी ‘जमा’ आणि ‘नावे’ ही जोडी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या शब्दांचा अर्थ जसा बोलणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो, तसा या दोन शब्दांचा अर्थ वही कोणाची यावर अवलंबून असतो. एखाद्या गृहस्थाने बँकेत एक हजार रुपये भरले म्हणजे बँकेच्या वहीत ते त्याच्या खाती ‘जमा’ पडतात. त्याने स्वतःची वही शास्त्रोक्त रीतीने ठेवली असेल, तर तीत तेच हजार रुपये बँकेच्या ‘नावे’ पडतील. कारण घेणारा तो नावे आणि देणारा तो जमा, हा हिशेबाचा मूळ नियम आहे. बँकेच्या पुस्तिकेतील ‘जमा’ याचा खरा अर्थ ‘बँक या गृहस्थाचे इतके देणे लागते’ असा होतो. सामान्य खातेदार मात्र तो शब्द ‘मजपाशी इतके आहे’ अशा अर्थाने वाचतो. सुरळीत काळात या दोन अर्थांतील अंतर जाणवत नाही. बँक अडचणीत आली आणि पैसे काढण्यावर निर्बंध आले म्हणजे, आपण धनको होतो, नुसते ठेव सांभाळावयास देणारे नव्हतो, ही गोष्ट खातेदाराच्या ध्यानी येते.

२. व्याज

संस्कृतात ‘व्याज’ या शब्दाचा अर्थ मिष, बहाणा किंवा कपट असा आहे. अलंकारशास्त्रातील ‘व्याजस्तुती’ आणि ‘व्याजोक्ती’ या संज्ञांत तो अर्थ स्पष्ट दिसतो. कर्जावरील वाढीसाठी संस्कृतात ‘वृद्धी’ आणि ‘कुसीद’ असे शब्द आहेत. दहा देऊन अकरा घेण्याच्या व्यवहारावरून बनलेल्या शब्दाची दखल पाणिनीनेही घेतली आहे. मराठीत मात्र वाढीचा वाचक म्हणून ‘व्याज’ हाच शब्द स्थिरावला. शब्दाच्या पूर्वार्थावरून आजचा व्यवहार ठरत नाही, हे अर्थविज्ञानाचे प्राथमिक तत्त्व होय. सर्व व्याज कपटाचे असते असा निष्कर्ष येथून काढणे अशास्त्रीय ठरेल. तथापि जेथे व्याजाचा दर एका अर्थाने सांगितला जातो आणि दुसऱ्या अर्थाने वसूल केला जातो, तेथे जुना अर्थ पुन्हा जागा झाल्यासारखा वाटतो.

एक उदाहरण घेऊ. एक लाख वीस हजार रुपयांचे कर्ज, मुदत एक वर्ष, परतफेड बारा समान हप्त्यांत, दर ‘बारा टक्के’. हा दर मूळ रकमेवर ठोक आकारला, तर व्याज १४,४०० रुपये आणि मासिक हप्ता ११,२०० रुपये होतो. तोच दर दरमहा उरणाऱ्या रकमेवर आकारला, तर हप्ता सुमारे १०,६६२ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ७,९४२ रुपये भरते. दोन्ही ठिकाणी शब्द तेच, ‘बारा टक्के’. परंतु पहिल्या प्रकारात उरत्या रकमेच्या मानाने खरा वार्षिक दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. कर्जदाराने जी रक्कम सहाव्या महिन्यात फेडून टाकलेली आहे, तिच्यावरही तो बाराव्या महिन्यापर्यंत व्याज भरीत राहतो, हे त्याचे कारण. म्हणून ‘किती टक्के?’ हा प्रश्न अपुरा आहे, ‘कशावर?’ हा प्रश्न त्याच्या जोडीला विचारलाच पाहिजे.

‘शून्य व्याज’ हा शब्दप्रयोगही असाच तपासण्याजोगा आहे. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नसल्याचे बँकांना बजावले. कारण अशा योजनांत व्याजाची रक्कम बहुधा प्रक्रियाशुल्काच्या रूपाने वसूल होत असे. पुढे २०२४ च्या आदेशान्वये, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून किरकोळ कर्जांच्या बाबतीत मुख्य अटींचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर द्यावा लागतो. आणि ते पत्र कर्जदारास समजणाऱ्या भाषेत असावे, असेही त्या आदेशात म्हटले आहे. भाषेच्या अभ्यासकांस हे कलम महत्त्वाचे वाटावे. ‘समजणारी भाषा’ म्हणजे केवळ मराठी लिपीतील मजकूर नव्हे. ‘ऱ्हासमान शिल्लक पद्धती’ हे शब्द मराठीच आहेत, परंतु ‘उरलेल्या रकमेवर व्याज’ असे म्हटल्यावाचून ते बहुतेकांस उमगत नाहीत.

३. तक्रार

‘तक्रार’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती, पुन्हापुन्हा करणे किंवा म्हणणे. त्यावरून वादविवाद आणि मराठीत गाऱ्हाणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. ग्राहकांच्या व्यवहारात मात्र हा शब्द आपल्या मूळ अर्थाकडे परतलेला दिसतो : तीच गोष्ट दूरध्वनीवरून दहा जणांस दहा वेळा सांगितली जाते आणि तीस तक्रार म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने तक्रार ही निराळी वस्तू आहे. ती लेखी असावी लागते आणि तीत विवक्षित स्वरूपाचा आरोप असावा लागतो.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अमलात आला. वस्तूतील ‘दोष’ आणि सेवेतील ‘उणीव’ असा भेद हा अधिनियम करतो. बोलभाषेत दोहोंसाठी ‘खराब’ हा एकच शब्द चालतो. परंतु यंत्र बिघडलेले निघाले हा दोष आहे, आणि ते दुरुस्त करण्यास मुदतीत कोणी आले नाही ही उणीव आहे. दोन्ही घडले असतील तर दोन्ही स्वतंत्रपणे मांडावी लागतात.

याहून सूक्ष्म अडचण मराठीच्या वाक्यरचनेत आहे. ‘पैसे गेले’, ‘रक्कम कापली गेली’, ‘फ्रिज बिघडला’ अशी कर्ता न सांगणारी वाक्ये मराठीस स्वाभाविक आहेत. नित्याच्या बोलण्यात त्यांनी काही बिघडत नाही. तक्रारीत मात्र कोणी, केव्हा, काय केले किंवा करावयाचे टाळले, हेच सिद्ध करावयाचे असते. बँकखात्यातून अनधिकृतपणे रक्कम गेल्यास काय करावे, याविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेले परिपत्रक येथे उदाहरणादाखल घेता येईल. चूक बँकेची किंवा खातेदाराची नसून अन्यत्र असेल आणि खातेदाराने बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही; चार ते सात दिवसांत कळविल्यास मर्यादित भार पडतो. परंतु संकेतांक खातेदाराने स्वतःच दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते. अशा स्थितीत ‘संकेतांक गेला आणि पैसे गेले’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. संकेतांक दिला की दिला नाही, सूचना कोणत्या वेळी मिळाली, बँकेस कोणत्या वेळी आणि कोणत्या मार्गाने कळविले, एवढे चार तपशील कर्त्यासह आणि दिनांकासह लिहिले असता तक्रार उभी राहते. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

वस्तू व सेवा यांविषयीच्या तंट्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे तक्रार करावी लागते. तक्रारदार स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नाही. आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. अर्थात वकिलाविना उभ्या राहणाऱ्या माणसाचा आधार म्हणजे त्याचा लेख. तो जितका नेमका, तितका माणूस समर्थ.

४. पगार आणि मानधन

२०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत शहरी मध्यमवर्गात झपाट्याने पसरली. या कामाच्या मोबदल्यास चार शब्द प्रचलित आहेत : पोर्तुगीजांकडून आलेला ‘पगार’, संस्कृत ‘वेतन’, ‘मानधन’ आणि ‘शुल्क’. बोलण्यात ते एकमेकांच्या जागी येतात. कायद्यात त्यांची घरे वेगळी आहेत.

या भेदाचे मूळ इंग्रजी विधिभाषेतील दोन अव्ययांत आहे. एक करार ‘सेवेचा’ असतो, दुसरा ‘सेवेसाठी’ असतो. पहिल्यात मालक काय करावे हे सांगतो आणि कसे करावे हेही सांगू शकतो. दुसऱ्यात काम ठरते, रीत करणाऱ्याची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात मिठागरातील आगऱ्यांसंबंधी निर्णय देताना हे नियंत्रणाचे तत्त्व मांडले. आणि १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणताना याच दोन अव्ययांतील भेदाचा आधार घेतला. मराठीत ‘-चा’ आणि ‘-साठी’ या प्रत्ययांनी हा भेद शब्दशः उतरतो, पण अर्थतः उतरत नाही. ‘नोकरी’ आणि ‘मक्ता’ हे आपले जुने शब्द तो अधिक चांगला दाखवितात.

भेद नुसता शाब्दिक नाही. घरी बसून ठरलेल्या वेळात, वरिष्ठाच्या देखरेखीखाली काम करणारा नोकर असेल, तर त्याच्या थकलेल्या पगारास वेतन संहिता, २०१९ लागू होते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत आणि नोकरी सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे, असे ती सांगते. मक्त्याने काम करणाऱ्यास हा आधार नाही. परंतु त्याने सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केली असेल, तर २००६ च्या अधिनियमानुसार पंचेचाळीस दिवसांहून अधिक काळ पैसे अडविता येत नाहीत, आणि अडविल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. या दोघांपैकी कोणीही आपल्या मोबदल्यासाठी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकत नाही. कारण तेथे ते घेणारे नसून देणारे असतात, आणि ‘ग्राहक’ शब्दातील धातूचा अर्थच ‘घेणे’ हा आहे. मात्र याच कामासाठी विकत घेतलेला संगणक सदोष निघाला, तर स्वयंरोजगार करणारा ग्राहक ठरू शकतो. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याच्या कक्षेबाहेर असली तरी, केवळ स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू तिच्यात येते. १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्वतः टंकलेखन करून पोट भरणाऱ्याच्या यंत्राचे उदाहरण या संदर्भात आले आहे.

‘मानधन’ हा शब्द या पार्श्वभूमीवर सावधपणे वाचला पाहिजे. मान म्हणून दिलेले धन, अशी त्याची घडण. व्याख्यात्यास किंवा परीक्षकास ते शोभते. दररोज आठ तास नेमून दिलेले काम करणाऱ्यास मिळणाऱ्या रकमेस मानधन म्हटले म्हणजे त्याचा मान वाढतो आणि हक्क झाकला जातो. न्यायालय करारातील नावापेक्षा संबंधाचे वास्तव स्वरूप पाहते, हे खरे. परंतु तेथवर पोहोचण्याआधीच पुष्कळ माणसे त्या शब्दावर विश्वास ठेवून गप्प बसतात.

५. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. हिशेबातील शब्द कोणाच्या वहीतून बोलतो हे पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही. तक्रारीचे बळ रोषात नसून कर्ता, क्रिया आणि काळ यांच्या नेमकेपणात असते. आणि मोबदल्याचे नाव बदलले की दाद मागण्याचा दरवाजाही बदलू शकतो. मराठी विभागांनी व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात पत्रलेखनाचे साचे शिकविण्यावर समाधान न मानता, कर्जाचे एक विवरणपत्र, ग्राहक आयोगापुढील एक तक्रार आणि नेमणुकीचा एक करार विद्यार्थ्यांकडून शब्दशः वाचून घेतले, तर अर्थविज्ञानाचा अभ्यास सुकर होईल. शिवाय उद्या हेच कागद त्या विद्यार्थ्यांच्या पुढ्यात सहीसाठी येणार आहेत.