गांजा, अफू आणि आपल्या नावाचा सातबारा

आम्ही पालीहून बोलतोय, बचत गटाच्या कामातल्या बाया. गटाच्या बैठकीत दारूचा विषय निघाला की सगळ्या जणी बोलतात. गांजा किंवा अफू म्हटलं की आवाज खाली जातो. पोलिसांची भीती वाटते आणि लोक काय म्हणतील याची लाजही वाटते. म्हणून आज हा कायदा आला कुठून आणि आपल्या दारापर्यंत कसा पोचतो, ते समजून घेऊ.

इंग्रजांच्या राज्यात अफू-गांजा विकायचे परवाने सरकारच द्यायचं आणि त्यातून महसूल मिळवायचं. पुढे १९६१ मध्ये जगातल्या देशांनी करार केला की औषधापुरता वापर सोडून हे सगळं थांबवायचं. आपला देशही त्यात आहे. त्या करारात गांजाच्या झाडाची नुसती पानं वगळली गेली. म्हणून महाशिवरात्रीची, होळीची भांग या कायद्यात येत नाही. मात्र राज्याच्या दारूबंदी कायद्यात तिच्यावर बंधनं आहेतच. म्हणजे झाड एकच, पण शेंडा-फुलं गुन्ह्यात आणि पान सणात.

१९७१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थ हा देशाचा पहिल्या नंबरचा शत्रू आहे असं जाहीर केलं. तिथून ‘ड्रग्जविरुद्ध युद्ध’ हा शब्द जगभर गेला. युद्ध म्हटलं की समोर शत्रू लागतो. जो पुढारी जास्त कडक बोलेल, तो जास्त चांगला ठरू लागला. तिथले तुरुंग भरले आणि त्यात काळ्या समाजातले तरुण फार मोठ्या संख्येनं गेले. नशा मात्र संपली नाही.

आपल्याकडे १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा झाला. पोलीस त्याला एनडीपीएस म्हणतात. एरवी गुन्हा सिद्ध करायचं काम सरकारचं असतं. या कायद्यात मात्र तुमच्या ताब्यात माल सापडल्याचं सिद्ध झालं, की ‘मला माहीत नव्हतं’ हे तुम्हालाच पटवून द्यावं लागतं. गांजा एक किलोपर्यंत असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला तर दहा ते वीस वर्षं, आणि जामीन फार अवघड. म्हणून कुणाचं पोतं, कुणाची पिशवी ‘दोन दिवस ठेव’ म्हणून घरात घेण्याआधी आत काय आहे ते बघा.

आता शेताकडे येऊ. २०१२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, परळी तालुक्यात, अफूची शेतं पोलिसांनी उघडकीस आणली आणि शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. आपण मसाल्याला जी खसखस वापरतो, ती अफूच्याच बोंडातलं बी. दुकानातून खसखस आणणं गुन्हा नाही, पण परवान्याशिवाय ते झाड लावणं गुन्हा आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागातच सरकार हा परवाना देतं. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळीत गांजाची झाडं लावल्याच्या बातम्याही वरचेवर येतात. अशा लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

यात आपला संबंध कुठे येतो? आज पुष्कळ बायांच्या नावावर सातबारा आहे. तो हक्क आपण भांडून मिळवला. पण आपल्या जमिनीत बेकायदा अफू किंवा गांजा लावलेला दिसला, तर लगेच कळवणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे, असं हा कायदा सांगतो. माहीत असून गप्प बसलं तर शिक्षा होऊ शकते. सरपंच आणि पंच यांनाही हीच जबाबदारी आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी आज सरपंच, सदस्य आहेत. तेव्हा शेत बटईनं दिलं असलं तरी बांधावर चक्कर मारत जा. कुणी अनोळखी माणूस बी फुकट देतो, मालही उचलतो म्हणाला, तर आधी पिकाचं नाव विचारा.

दारूच्या बाबतीत कायद्यानं आपल्या हातात मत दिलंय. गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद होतं. गांजा-अफूच्या कायद्यात असं मत नाही. पण एक दार मात्र उघडं ठेवलंय आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही.

नशा करणाऱ्यावर सेवनाचा किंवा थोडा माल जवळ बाळगल्याचा गुन्हा असेल, आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. अट एवढीच की उपचार पूर्ण करायचा. अर्धवट सोडला तर ही सवलत जाऊ शकते. म्हणजे कायदासुद्धा त्याला आजारी मानायला तयार आहे. आपणच ‘गंजेटी’ म्हणून मोकळे होतो. मग आई पोराचं लपवते, बायको नवऱ्याचं लपवते, आणि उपचाराची वेळ निघून जाते. शेवटी घरात पहिल्यांदा येतात ते पोलीस.

म्हणून तीन गोष्टी गटाच्या वहीत लिहून ठेवा. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा फुकट नंबर आहे. वकिलासाठी १५१०० वर फोन करा किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि तिसरी गोष्ट, बाईची अंगझडती फक्त बाईनंच घ्यायची, हा नियम याच कायद्यात आहे.

पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की दहा मिनिटं या विषयाला द्या. कुणाच्या घरात हे दुखणं असेल तर नाव जाहीर करायची गरज नाही. ‘आम्ही सोबत येतो’ एवढं कुणीतरी म्हणालं, तरी ती बाई फोन उचलेल.