वेबसाइटच्या धंद्यास प्रणाली कोणती?

गेल्या मार्गशीर्षांत राजगड पाहण्याच्या निमित्तानें आम्ही पाली येथें एका स्नेह्यांच्या घरीं मुक्कामास होतों. पुण्याहून सातारच्या रस्त्यानें निघून नसरापूरच्या फाट्यावरून आंत वळलें म्हणजे भाताच्या खाचरांमधून ही वाट जाते, आणि राजगडाचा बालेकिल्ला डोळ्यांसमोर उभा राहतो. रात्रीं जेवणें उरकल्यावर स्नेह्यांचा मुलगा आपला लॅपटॉप घेऊन आमच्याजवळ येऊन बसला. पुण्यास शिक्षण पुरें करून तो नुकताच गांवीं परतला होता, आणि गडावर येणाऱ्या प्रवाशांस उतरावयास खोल्या देणाऱ्या घरांच्या वेबसाइटी तयार करून देण्याचा धंदा त्यानें आरंभिला होता.

"काका, आपला सल्ला हवा आहे," तो म्हणाला. "पहिलेंच गिऱ्हाईक माझ्या हातून गेलें."

हकीकत अशी. त्याचा लॅपटॉप आठ वर्षांचा जुना. त्यांतील विंडोज 10 या प्रणालीच्या सुधारणा पुरविण्याचें काम तिच्या कंपनीनें 14 ऑक्टोबर 2025 पासून सर्वसाधारणपणें थांबविलें, आणि विंडोज 11 साठीं जी सुरक्षा-चकती यंत्रांत लागते ती या लॅपटॉपांत नव्हती. तेव्हां मित्रांच्या सांगण्यावरून त्यानें लिनक्सच्या कुळांतील एक अगदीं नव्या चालीची प्रणाली उतरवून घेतली. ही प्रणाली रोज थोडथोडी नवी होत असते. दोन महिने सर्व सुरळीत चाललें. पुढें गिऱ्हाइकास काम दाखविण्याच्या आदल्या रात्रीं त्यानें नव्या सुधारणा घेतल्या, आणि सकाळीं पाहतो तों पडदा काळा! त्यांतच गांवची वीज गेलेली व मोबाइलचा सिग्नल क्षीण. यंत्र दुरुस्त होण्यास दोन दिवस लागले. तोंपर्यंत काम दुसऱ्याकडे गेलें.

यावर आमच्या स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, फुकटची वस्तु अशीच दगा द्यावयाची. नवा लॅपटॉपच घ्यावा. परंतु त्यासाठीं जी रक्कम हाताशीं होती, ती धाकट्या मुलीच्या कॉलेजाच्या फीसाठीं बाजूला ठेविलेली होती. मुलगी दाराआड उभी राहून ऐकत होती. बोलली कांहींच नाहीं. तिची आई मात्र म्हणाली, "भावजी, वस्तु फुकटची कीं विकतची, हें राहूं द्या. ती ऐन वेळीं चालेल कीं नाहीं, तेवढें सांगा."

माउलीनें विचारलेला प्रश्नच खरा प्रश्न होता. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आज हाच प्रश्न उभा असेल, म्हणून त्याचा विचार येथें थोडा विस्तारानें करितों.

प्रथम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे प्रणाली, ही काय वस्तु आहे तें पाहूं. भरल्या घरांत कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेस असतात, ती प्रत्येकास हवें तें मोजून देते व एकाचा हात दुसऱ्याच्या ताटांत जाऊं देत नाहीं. यंत्रांतील स्मृति, साठा, पडदा व कळा यांची वांटणी सर्व प्रोग्रॅमांमध्यें करून देणारी प्रणाली ही तशीच आहे. मुक्त प्रणाली म्हणजे जिची मूळ संहिता सर्वांस वाचावयास, वापरावयास, सुधारावयास व दुसऱ्यास द्यावयास मोकळी आहे ती. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1983 सालीं ग्नू नांवाचा उपक्रम जाहीर केला. 1991 सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढें ठेविला, व पुढच्याच वर्षीं तो ग्नूच्या मुक्त परवान्याखालीं आणिला. दोहोंच्या मिलाफांतून आजच्या लिनक्स प्रणाली निघाल्या.

आपल्याकडे ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. नकला होतां होतां ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत अशुद्धें शिरलीं, तेव्हां अनेक प्रती ताडून पाहून एकनाथमहाराजांनीं शके 1506 मध्यें, म्हणजे 1584 सालीं, शुद्ध प्रत सिद्ध केली. पोथी मोकळी होती म्हणूनच ती शुद्ध करितां आली. मुक्त प्रणालींतील दोष जगभरचे जाणकार असेच शोधितात व सुधारितात. "फुकट" हा तिचा गौण गुण होय; "मोकळी" हा मुख्य.

आतां निवडीच्या कसोट्या पाहूं. पहिली कसोटी अशी कीं, जेथें पीक काढावयाचें तेथल्याच मातींत रोप लावावें. वेबसाइट ज्या दूरच्या यंत्रांवरून जगास दिसते, त्या सर्व्हरांपैकीं बहुसंख्य लिनक्सवर चालतात. 2003 सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपण ज्या सर्व्हरांवरून वाचतों, ते डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात. घरीं एक प्रणाली व सर्व्हरवर दुसरी असली म्हणजे बारीक परंतु जाचक घोटाळे होतात. उदाहरणार्थ, चित्राच्या नांवांतील इंग्रजी अक्षर मोठें कीं लहान, हा भेद विंडोज साधारणपणें मानीत नाहीं, लिनक्स मानते. घरीं दिसणारें चित्र सर्व्हरवर नाहींसें होतें, आणि नवशिका कारागीर रात्रभर कारण शोधीत बसतो. शिवाय आजकाल डॉकर नांवाच्या साधनानें वेबसाइटीचा सगळा संसार एका पेटींत बांधून नेतात. त्या पेट्या लिनक्सवर थेट उघडतात; इतर प्रणालींवर त्यांसाठीं आंत दुसरें आभासी यंत्र चालवावें लागतें व स्मृति अधिक खर्चते. विंडोजच्या पोटांत लिनक्स चालविण्याची सोय 2016 सालापासून झाली आहे, व ज्यांचें यंत्र नवें व दणकट आहे त्यांस ती पुरेशी आहे. जुन्या यंत्रास दोन संसार झेपत नाहींत.

दुसरी कसोटी बदलाच्या गतीची, आणि याच ठिकाणीं आमच्या तरुण मित्राची चूक झाली. लिनक्स ही एक प्रणाली नसून एक कुळ आहे, व त्यांतील प्रत्येक घराची चाल निराळी. कांहीं प्रणाली रोज नव्या होतात. फेडोराची नवी आवृत्ति सुमारें सहा महिन्यांनीं येते, व प्रत्येक आवृत्तीची देखभाल सुमारें तेरा महिने होते. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ति दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघते, व तिला पांच वर्षें सुरक्षेच्या सुधारणा मिळतात. 1993 सालीं सुरू झालेल्या डेबियनची स्थिर आवृत्तीही सुमारें दोन वर्षांनीं येते; पहिलीं तीन वर्षें पूर्ण व पुढें दोन वर्षें मर्यादित अशी तिची देखभाल होते. तिची तेरावी आवृत्ति 2025 च्या ऑगस्टांत आली. नव्या चालीच्या प्रणाली वाईट नव्हेत. नवें शिकूं पाहणारास त्या उत्तम गुरु आहेत. परंतु ज्याच्या कामावर दुसऱ्याचा वायदा अवलंबून आहे, त्यानें पाया स्थिर ठेवावा, आणि एखादें साधन अगदीं नवें हवें असेल तर तेवढेंच डॉकरच्या पेटींत घालून वापरावें. गंगाळ नवें आलें म्हणून कोणी चुलीचीं वैलें रोज मोडीत नाहीं.

तिसरी कसोटी ही कीं, प्रणालीच्या पाठीशीं कोण उभें आहे. सेंटओएस ही विनामूल्य प्रणाली असंख्य सर्व्हरांवर होती, व तिच्या आठव्या आवृत्तीची देखभाल 2029 पर्यंत होईल असें लोक धरून चालले होते. 2020 च्या डिसेंबरांत जाहीर झालें कीं ती 2021 अखेर थांबेल. संहिता मोकळी असल्यानें रॉकी व अल्मा अशा दोन प्रणाली लागलीच पुढें आल्या व कोणी अगदींच उघडा पडला नाहीं. तरी सर्वांस धांवपळ करावी लागली ती लागलीच. म्हणून प्रणाली एका कंपनीच्या मर्जीवर आहे कीं डेबियनप्रमाणें स्वयंसेवकांच्या संघाची आहे, व तिची मुदत कोणत्या तारखेस संपते, हें घेण्यापूर्वीं पाहून ठेवावें.

चौथी कसोटी आपल्या यंत्राची. चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपावर भपकेबाज मांडणी घालूं नये. एक्सएफसीई अथवा एलएक्सक्यूटी यांसारखी हलकी मांडणी निवडावी. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसविल्यास वेगांत जो फरक पडतो, तो पाहिल्यावर नव्या यंत्राची ओढ बरीच कमी होते. मात्र यंत्र 64 बिटांचें असावें; 32 बिटांच्या जुन्या संगणकांवर तेरावें डेबियन बसविण्याची सोय राहिलेली नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कांहीं न पुसतां पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहतां येते. वायफाय, आवाज, कळा व झोपेंतून यंत्र जागें होणें, ही सारी परीक्षा आधीं करावी.

पांचवी कसोटी मराठीची. मराठी लिहितां न येणारी प्रणाली आमच्या घरांत काय कामाची? सुदैवानें येथें पुण्याचाच हातभार लागला आहे. लिनक्सवर देवनागरी दाखविणारे लोहित टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें पुरविले व रेड हॅटनें ते मुक्त केले. 2011 सालीं ते अधिक मोकळ्या परवान्याखालीं आले. इन्स्क्रिप्टची मराठी कळमांडणी या सर्व प्रणालींत मिळते. पुण्यास 1988 सालीं स्थापन झालेल्या सीडॅक संस्थेनें बॉस नांवाची जी भारतीय प्रणाली दिली, तिचा पायाही डेबियनच आहे. शिकणारांसाठीं मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल या उपक्रमांत लिनक्सचे छोटे पाठ मराठींतून ऐकावयास मिळतात, आणि ते उतरवून ठेवितां येत असल्यानें सिग्नल नसलेल्या गांवींही उपयोगी पडतात.

तोटे झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. फोटोशॉप लिनक्सवर सरळ चालत नाहीं. गिंप व इंकस्केप यांचा हात बसवावा लागतो. मायक्रोसॉफ्टचे कागद लिबरऑफिसांत उघडतात, परंतु क्वचित् मांडणी हलते. ज्यांचा उदरनिर्वाह अशाच एखाद्या प्रोग्रॅमावर आहे, त्यांनीं विंडोज सोडण्याची घाई करूं नये.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही पाली दरवाजानें गड चढलों. महाराजांची राजधानी पाव शतकाच्या आसपास ज्या गडावर नांदली, त्याची ही राजवाट. रुंद व पायऱ्यांची. गुंजवण्याकडून चोर दरवाजाची वाटही येते. ती उभी व निरुंद, शेवटीं कठडे धरून चढण्याची. मोकळ्या हातांच्या तरुणास ती आवडते. दरवाजांत टेंकून दम खातांना मुलगा आपण होऊन म्हणाला, "काका, डोक्यावर ओझें असतांना मी चोर दरवाजानें चढलों, एवढीच चूक झाली." आम्हीं त्यास अधिक कांहीं सांगितलें नाहीं.

खालीं आल्यावर त्यानें आपलें सर्व काम बाहेरच्या डिस्कवर उतरून घेतलें, पेन ड्राइव्हवरून परीक्षा केली व हलक्या मांडणीचें स्थिर डेबियन यंत्रांत घातलें. वेबसाइटींची प्रत गिटच्या साह्यानें नित्य दूर ठेवावयाची, आणि वायद्याच्या आदल्या दिवशीं कोणतीही सुधारणा घ्यावयाची नाहीं, असे दोन नियम त्यानें वहींत लिहून ठेविले. त्याच्या आईनें त्याखालीं देखभाल संपण्याचें साल लिहावयास लाविलें.

माघांत त्याचा निरोप आला. गेलेलें गिऱ्हाईक परत आलें नाहीं. येण्याचें कारणही नव्हतें. परंतु शेजारच्या वाडींतील एका घराचें काम मिळालें व तें सांगितल्या दिवशीं पुरें झालें. लॅपटॉप जुनाच आहे, आणि बहिणीची फी वेळेवर भरली गेली.

ज्या घरांत असा प्रश्न पडला असेल, तेथील वडिलांनीं "फुकटचें तें टाकाऊ" असें म्हणूं नये, व मुलांनीं "नवें तें उत्तम" असें मानूं नये. आपलें ओझें किती व वाट कशी, एवढें पाहून दरवाजा निवडावा, हेंच आमचें सांगणें.