कॉलेज पॉइंटचा पॉपेनहूसेन

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठातील निःशुल्क शिक्षण १९७६ साली संपुष्टात आले, त्याला पन्नास वर्षे होत असताना मला त्याच शहराच्या क्वीन्स भागातील कोनराड पॉपेनहूसेन वारंवार आठवतो.

त्याचे पूर्वायुष्य चारचौघा उद्योगपतींसारखेच: १८१८ साली हॅम्बुर्गला जन्म, १८४३ साली अमेरिकेस प्रयाण. रबरात भरपूर गंधक मिसळून ते दीर्घकाळ तापवले असता शिंगासारखे कठीण होते, या प्रक्रियेचा परवाना चार्ल्स गुडइयरकडून मिळवून त्याने कॉलेज पॉइंट येथे कंगव्यांचा कारखाना काढला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

खरे मोल आहे ते १८६८ नंतरच्या दशकाचे. आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी त्याने एक संस्था स्थापिली आणि वंश व धर्म यांचा विचार न करता ती सर्वांस खुली राहील, अशी तिच्या सनदेतच तजवीज केली. दिवसभर यंत्रावर राबलेला मजूर तेथे रात्री हुन्नर आणि इंग्रजी शिकू लागला, तर १८७० साली त्याच्या मुलांसाठी अमेरिकेतील पहिला निःशुल्क बालवर्ग त्याच छपराखाली उघडला. न्यायकचेरी, ग्रंथालय आणि कैद्यांच्या दोन कोठड्याही त्याच इमारतीत होत्या. गावाला जे जे लागे ते एका दारातून मिळावे, ही त्याची दृष्टी मला मोठी वाटते.

पुढे रेल्वेच्या व्यवहारात पैसा बुडाला आणि १८७७ साली त्याचे दिवाळे निघाले. लाँग आयलंडच्या रेल्वेची कहाणी सांगणारे त्याची ओळख या दिवाळ्यापुरतीच करून देतात, याचा मला मनस्वी राग आहे. कारण मालक नादार झाला तरी संस्था चालूच राहिली.

१९७०च्या दशकात मी शेजारच्या फ्लशिंगमध्ये राहत होतो. शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा ग्रंथालयांचे तास घटले, आणि दिवसा शिवणयंत्रावर बसून रात्री कॉलेजात जाणाऱ्या माझ्या शेजारणीने फीचा आकडा पाहून प्रवेशाचा अर्ज घडी करून कपाटात ठेवला, तो पुन्हा काढला नाही. शहराचे पुढे बरे दिवस आले, उंच इमारती उठल्या. परंतु सर्वांसाठी मोफत असलेले ते शिक्षण मात्र आजतागायत पूर्ववत झालेले नाही. पॉपेनहूसेन १८८३ साली वारला. त्याची संस्था अद्याप कॉलेज पॉइंटला उभी आहे.