लाल कंधारीचा लाल

“ह्यो कोणाचा बैल रे?”

मामांनी फोटो ओसरीतून अंगणात, उन्हात नेला. हात लांब करून पाहिला, मग डोळ्यांजवळ आणला. “आपला सर्जा नव्हं ह्यो. वीटभट्टीतून काढल्यावाणी दिसायलाय.”

फोटो सर्जाचाच होता. मामेभावाने पोळ्याच्या दिवशी मोबाइलवर काढलेला. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, शिंगांना हिंगूळ, कपाळावर बाशिंग. परभणीत वसमत रोडवरच्या आमच्या घरी नव्या प्रिंटरवर मी तो छापला आणि मोठ्या तोऱ्यात पालम तालुक्यात मामांच्या गावी घेऊन गेलो. मामांनी तो एका वाक्यात निकालात काढला. मामी “चहा टाकते” म्हणून आत गेल्या.

लाल कंधारी हा आमच्या भागातला बैल. नाव नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं, पण लातूर-परभणीतही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. सगळं अंग एकाच लाल रंगाचं, डोळ्यांभोवती काळी कडा, कान लोंबते. हा लाल फिकट तांबड्यापासून थेट काळपट तपकिरीपर्यंत कुठेही असू शकतो. मामांनी सर्जा माळेगावच्या यात्रेत घेतला, तेव्हा दावणीला बांधलेल्या लाल बैलांतून त्यांनी तो रंगावरून उचलला होता. मी विचारलं, “मामा, नेमका कसा लाल पाहिजे?” ते म्हणाले, “विटेच्या पल्याड अन् पिकल्या जांभळाच्या अल्याड.” प्रिंटरच्या माहितीपुस्तकात रंगाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला सापडलं नाही.

प्रिंटर मी हौसेने घेतला होता. शाईच्या टाक्यांचे प्रिंटर आल्यापासून झेरॉक्सच्या दुकानांचा नूर बदलला. भरतीचे फॉर्म निघाले की कलेक्टर ऑफिसच्या बाजूच्या टपरीवजा दुकानातसुद्धा मिनिटाभरात पासपोर्ट फोटो निघतात: चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ. दुकानात बहुधा सहा रंगांचा एप्सन असतो. काळा, निळसर सायन, गुलाबी मॅजेन्टा आणि पिवळा या नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला त्यात फिका सायन आणि फिका मॅजेन्टा असतो. गालावरची किंवा आकाशातली हलकी छटा चार रंगांच्या प्रिंटरला ठिपके विरळ करून दाखवावी लागते, ते काम या दोन फिक्या शाया करतात. मी मात्र चार टाक्यांचा घेतला. स्वस्त होता, आणि त्यावर मुलीच्या शाळेचे प्रोजेक्टही निघतात.

या यंत्राची जन्मकथा मला फार आवडते. जपानमधल्या कॅनन कंपनीत १९७७ साली इचिरो एंडो या संशोधकाच्या हातून सोल्डरिंगचं तापलेलं टोक चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं, आणि सुईतून शाई उडाली. उष्णतेने शाईत बुडबुडा फुगतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो, हे तिथे उमगलं. एप्सनने उष्णतेऐवजी पिझो वापरलं, म्हणजे विजेने किंचित वाकून शाईला दाबणारा पदार्थ. आज घरगुती प्रिंटरमधला थेंब दीड-तीन पिकोलिटरचा असतो. दीड पिकोलिटरचा थेंब म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. असे लाखो थेंब नेमक्या जागी पडले की सर्जा दिसतो, आणि सगळे थोडेथोडे चुकले की वीट दिसते.

माझं कुठे चुकलं ते शोधायला बसलो तेव्हा पहिली चूक मोबाइलमध्येच निघाली. मामेभावाने फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवला होता. मूळ फोटो चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचा; माझ्या हातात पडला तो सोळाशे बाय बाराशेचा. चार बाय सहाच्या छोट्या प्रिंटला तो कसाबसा पुरतो. मामांना ओसरीत लावायला एफोर आकाराचा हवा होता, त्याला मुळीच पुरत नाही. झुलीवरची आरशांची नक्षी चिवडल्यासारखी दिसते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला आणि फरक नुसत्या डोळ्यांनी दिसला.

दुसरी चूक शिंगांची. मामा रंगापुढे ती बोलले नाहीत, पण मामेभावाने नंतर दाखवली. मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो, चार बाय सहाचा कागद तीनास दोन. कागद पूर्ण भरायचा तर फोटोच्या उंचीतला सुमारे नववा हिस्सा कापावाच लागतो, आणि कुठला कापायचा हे तुम्ही सांगितलं नाही तर यंत्र ठरवतं. त्यात ‘बॉर्डरलेस’ निवडलं की कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर फोटो आणखी थोडा फुगवतो. सर्जाच्या दोन्ही शिंगांची टोकं, हिंगळासकट, अशी उडाली. ज्या घरात शिंगं साळून रंगवायला अर्धा दिवस जातो, त्या घरात हा गुन्हाच.

तिसरी चूक कागदाची, आणि खरी गोम तिथेच होती.

दुकानात विचारतात, “एकशेऐंशीचा देऊ की दोनशेसत्तरचा?” हा आकडा एक चौरस मीटर कागदाच्या वजनाचा, ग्रॅममध्ये. जाड कागद म्हणजे चांगला फोटो असं आपण धरून चालतो. पण शाईला जाडीशी देणंघेणं नाही, वरच्या लेपाशी आहे. स्वस्त चकचकीत कागदात लेपाखाली साधा कागद असतो. तो मागून हवेतला ओलावा ओढतो आणि पोळ्याच्या दमट दिवसांत पापडासारखा वळतो. बरा फोटोपेपर दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. त्याची पाठही गुळगुळीत लागते. लेपाची बाजू ओळखता येत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावावं. जी बाजू बोटाला चिकटते तिच्यावर छापायचं. उलट्या बाजूवर छापलं तर शाई मुरतच नाही, नुसता राडा होतो. मी एकदा केला आहे, आणि तो पुसायला मुलीचा जुना फ्रॉक कामी आला.

कागद बरोबर घेऊनही प्रिंट बिघडतो, कारण प्रिंटरला तो कागद दिसत नाही. छापण्याआधी जी चौकट उघडते, तिच्यात ‘पेपर टाइप’ या ओळीत आपण काय निवडलं त्यावरच तो विसंबतो. तिथे ‘प्लेन पेपर’ राहिलं तर वहीच्या कागदाला झेपेल तेवढीच शाई सुटते, ठिपकेही मोठे पडतात. माझं नेमकं हेच झालं होतं. शिवाय ‘फोटो सुधारा’ छापाची एक सोय चालू राहिली होती. तिला गडद बैल म्हणजे अंधारात काढलेला फोटो वाटला आणि तिने तो उजळून टाकला. विटेचं मूळ तिथे.

चार टाक्यांच्या प्रिंटरची आणखी एक खोड असते. बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई मजकुरासाठी असते, रंगकणांची. चकचकीत कागदावर ती धरत नाही, म्हणून फोटो छापताना प्रिंटर तिला बाजूला ठेवतो आणि उरलेले तीन रंग मिसळून काळा बनवतो. तो काळा कधी हिरवट दिसतो, कधी चॉकलेटी. सर्जाच्या डोळ्यांभोवतीची कडा अशीच चॉकलेटी आली होती. यावर फारसा इलाज नाही. सहा रंगांच्या यंत्रात काळी शाई फोटोच्याच जातीची असते, म्हणून तिथे डोळा काळाभोर उतरतो.

मग मी पासपोर्टवाल्यांची युक्ती उचलली. मोफत मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये सर्जाच्या तोंडाचे आठ तुकडे एका कागदावर मांडले. कागदावर लाल होतो तो पिवळ्यावर मॅजेन्टा पडून. पिवळा वाढला की वीट, मॅजेन्टा वाढला की जांभूळ. मामांनी दोन्ही टोकं आधीच सांगितली होती, मला मधली जागा शोधायची होती. प्रत्येक तुकड्यात पिवळा जरा कमी, उजेड जरा कमी असं करत गेलो आणि खाली आकडे टाकले. कागदाचा प्रकार ‘ग्लॉसी’, दर्जा ‘हाय’, दोन्ही दिशांनी झपझप छापण्याची सोय बंद. प्रिंटरचं शाई सोडणारं डोकं एकाच दिशेने छापतं तेव्हा वेळ दुप्पट लागतो, पण रेषा जुळतात. कागद रात्रभर पंख्याच्या वाऱ्यापासून दूर वाळत ठेवला. ओल्या प्रिंटचा रंग आणि वाळल्यावरचा रंग वेगळा असतो, त्यामुळे लगेच निवाडा करू नये. ट्यूबलाइटखालीही करू नये. माझ्या खोलीतल्या एलईडीखाली मला चौथा तुकडा पसंत पडला होता.

मामांनी कागद उन्हात धरला. आठ बैलांवरून बोट फिरवत गेले, यात्रेत दावणीवरून फिरतात तसे. दात बघायचे तेवढे राहिले. सहाव्यावर थांबले. “हां. ह्यो सर्जा.”

चौथा का नाही, हे मी विचारलं. “त्यो पाठचा भाऊ हाय त्याचा.”

मोठा प्रिंट काढायला बसलो तोवर उन्हाळा लागला होता, आणि उन्हाळ्याने वेगळाच हिसका दाखवला. परभणीचा मे महिना कोणाला सांगायला नको. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, हवा कोरडी, खोलीत कूलर. मी महिनाभर प्रिंटरला हात लावला नव्हता. सर्जाच्या पाठीवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटल्या, फटके मारल्यासारख्या. शाई छिद्रांत वाळली होती. ‘नोझल चेक’ केल्यावर मॅजेन्टाच्या जाळीत दहा-बारा फटी दिसल्या. मी घाईने ‘हेड क्लीनिंग’ एकामागून एक सहा वेळा दाबलं. तेव्हा माहीत नव्हतं की धुताना निघणारी शाई यंत्राच्या पोटात एका स्पंजात जाते, आणि तो भरला की दिवे लुकलुकून प्रिंटर कामच थांबवतो. टाक्या अर्ध्या भरलेल्या आणि यंत्र मुकं. दुरुस्तीवाल्याने स्पंज बदलला, मोजणीचा आकडा शून्यावर आणला आणि जाताना म्हणाला, “सर, दोनदा धुवायचं, मग रात्रभर ठेवायचं. शाई आपोआप भिजवते.” ही एवढी गोष्ट आधी कळली असती तर पैसे वाचले असते.

त्यानेच दुसरी सवय मोडली. मी प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करत असे. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच त्याचं डोकं कडेच्या रबरी टोपीत जाऊन बसतं आणि छिद्रं झाकली जातात. छापता छापता लाइट गेली तर डोकं मधेच उघडं राहतं, आणि आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नाही. आता प्रिंटर इन्व्हर्टरवर आहे आणि दर रविवारी मुलगी एक रंगीत चित्र छापते. शाई थोडी जाते, छिद्रं ओली राहतात.

सहाव्या तुकड्याचे आकडे लावून शेवटी एफोरचा प्रिंट निघाला. दोनच काढले. एक मामींनी काचेच्या चौकटीत बसवायला दिला. मी आधी दोन दिवस तो उघडा वाळू दिला, कारण ओलसर प्रिंटवर काच बसवली तर शाईतले द्रव सावकाश उडून आतून काचेवर धुकं धरतं. पाठीवर बॉलपेनने काही लिहू नका. दाब पुढे उमटतो. मार्करने लिहा आणि सुकू द्या.

खर्चाचं खरं सांगतो. शाई स्वस्त पडते, पण चुकलेले कागद कोणी हिशेबात धरत नाही. एका सर्जापायी माझे अकरा कागद गेले. लग्नाचा अल्बम, बारशाचे शंभर फोटो असं काही असेल तर स्टुडिओतून लॅबमध्ये पाठवावं. तिथला फोटो प्रकाशाने उमटवून रसायनात धुतलेला असतो, सगळे एकसारखे येतात आणि टिकतातही. घरचा प्रिंटर दर आठवड्याला काहीतरी छापणाऱ्यांसाठी आहे. किंवा ज्यांचे मामा माझ्या मामांसारखे आहेत त्यांच्यासाठी.

दुसरा प्रिंट मामांनी लॅमिनेट करून गोठ्यात, दावणीच्या वरच्या खांबाला ठोकला. तिथे दुपारचं ऊन थेट येतं. वर्षभरात गोठ्यातला सर्जा पिवळट पडला, पुन्हा विटेच्या अलीकडे आला. ओसरीतला, काचेआडचा, अजून लाल आहे. दोन्ही एकाच सकाळी, एकाच कागदावर, एकाच शाईने छापलेले. मामांचा निरोप आला आहे, पोळ्याच्या आत गोठ्यासाठी नवा पाहिजे.