निवेदन थेट संसदेत! लोकसभेच्या याचिका समितीकडे दाद कशी मागायची?

बेळगाव : निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, फोटो काढायचा आणि मग वाट बघत बसायचं. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही. पण रेल्वे, टपाल, बँक, दूरसंचार अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक प्रश्नांसाठी आणखी एक दार आहे. ते म्हणजे लोकसभेची याचिका समिती. महाराष्ट्राच्या विधिमंडळात अशाच समितीला विनंती अर्ज समिती म्हणतात.

समिती कोणाची?

ही संसदेच्या सर्वांत जुन्या समित्यांपैकी एक. तिची सुरुवात 1924 सालची. लोकसभा अध्यक्ष किमान 15 खासदारांची नेमणूक करतात. मंत्र्यांना सदस्य होता येत नाही. राज्यसभेची याचिका समिती वेगळी असून तिच्यात 10 सदस्य असतात.

अर्ज मराठीत चालतो का?

चालतो, पण नुसता मराठी नाही. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत असावी, असा नियम आहे. मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्या भाषांतरावरही अर्जदाराची सही लागते. भाषांतरावर सही करायला विसरू नका.

याचिका खासदारामार्फत सादर करता येते किंवा लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. नाव, पत्ता आणि सही हवी. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. भाषा संयमाची असावी आणि शेवटी नेमकी मागणी लिहावी. याचिकेला इतर पत्रं किंवा प्रतिज्ञापत्रं जोडायची नसतात.

आपल्याकडे एकच निवेदन दहा जणांना ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पाठवायची सवय आहे. अशा प्रतीवर समिती सहसा विचार करत नाही. निनावी पत्रांचंही तेच.

काय चालत नाही?

कोर्टापुढे असलेला विषय घेतला जात नाही. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा प्रलंबित आहे, त्यामुळे त्यावरची याचिका इथे टिकणार नाही. राज्य सरकारच्या अखत्यारीतले प्रश्नही साधारणपणे बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी कर्नाटक विधिमंडळाची स्वतंत्र अर्ज समिती आहे. कायद्याने दुसरीकडे दाद मागता येत असेल, तर आधी तिकडेच जावं लागतं.

पुढे काय होतं?

छाननीनंतर संबंधित मंत्रालयाचं म्हणणं लेखी मागवलं जातं. उत्तर पटलं नाही तर समिती अधिकाऱ्यांना बोलावून साक्ष घेते. अर्जदारालाही बोलावता येतं. गरज पडल्यास प्रत्यक्ष पाहणी होते. मग शिफारशींसह अहवाल सभागृहात मांडला जातो. त्यावर सरकारने काय केलं, याचाही नंतर स्वतंत्र अहवाल येतो.

एक गोष्ट स्पष्ट हवी. समितीची शिफारस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. सरकारवर ती बंधनकारक नसते, आणि वेळही लागतो. पण एरवी ‘बघू, करू’ म्हणणाऱ्या खात्याला इथे लेखी उत्तर द्यावं लागतं आणि विषय अहवालात गेला, तर ते उत्तर संसदेच्या दप्तरी राहतं. पोच घेऊन वाट बघण्यापेक्षा हे बरंच पुढचं पाऊल आहे.