लॅपटॉपची हरवलेली मेमरी

घरांतील मुलाच्या शिक्षणाकरितां काटकसरीनें पैसे जमवून लॅपटॉप घ्यावा, त्याच्या खोक्यावर ८ जीबी मेमरी असें ठसठशीत छापलेलें असावें, आणि यंत्र सुरू करतांच त्यांतील केवळ ५.९ जीबी वापरण्याजोगी आहे असें त्यानेंच सांगावें, हा अनुभव अनेक कुटुंबांस येतो. अशा वेळीं मनांत दोन शंका उभ्या राहतात : दुकानदारानें फसविलें ही एक, व यंत्रच सदोष निघालें ही दुसरी. पुष्कळदां दोन्ही निराधार असतात. परंतु तें न कळल्यामुळें कोणी दुकानदाराशीं भांडतो, तर कोणी चांगली मेमरी काढून तेवढीच नवी बसवितो. आणि खर्च होऊनही उणीव होती तशीच राहते.

मेमरी, जिला व्यवहारांत रॅम म्हणतात, ती म्हणजे कारकुनाचें मेज होय. दप्तराचें कपाट नव्हे. कपाटांत, म्हणजे डिस्कमध्यें, कागद कायमचे राहतात. मेजावर चालू कामाचे तेवढेच पसरलेले असतात. मेज अपुरें पडलें कीं कारकुनास घटकोघटकीं कपाटाकडे खेपा घालाव्या लागतात. कमी मेमरीचें यंत्र मंद चालतें तें यामुळेंच.

आतां या मेजावर आणखी एक जण कामाला बसतो. पडद्यावरील चित्र तयार करणारा जो ग्राफिक्सचा भाग, त्यासही मेमरी लागते. कांहीं महाग यंत्रांत त्याला स्वतंत्र मेमरी दिलेली असते. साधारण किंमतीच्या बहुतेक लॅपटॉपांत मात्र हा भाग प्रोसेसरच्या पोटांतच असतो, व तो मुख्य मेमरींतूनच आपला वाटा घेतो. ही व्यवस्था नवी नाहीं. ब्रिटनमध्यें १९८१ च्या अखेरीस निघालेल्या बीबीसी मायक्रो या संगणकाच्या प्रचलित नमुन्यांत एकंदर ३२ केबी मेमरी होती. अत्यंत बारीक रेखनाचा किंवा पुष्कळ रंगांचा पडदा निवडला कीं त्यांतील २० केबी चित्राकडे जात. निव्वळ अक्षरांचा पडदा निवडल्यास अवघ्या १ केबीवर भागत असे. भारतांत १९८४ सालीं शाळांकरितां संगणक-साक्षरतेचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यांतही हींच यंत्रें होतीं. चित्र मोठें कीं प्रोग्राम मोठा, ही निवड त्या वेळीं विद्यार्थ्यास स्वतः करावी लागे. आजच्या लॅपटॉपांत ती कारखानदारानें बहुधा आधींच करून ठेवलेली असते.

हा वाटा दोन रीतींनीं घेतला जातो, आणि त्यांतील भेद ध्यानांत घेतल्यास निम्मा गोंधळ मिटतो. एखाद्या वाड्यांत पाहुण्यांकरितां एक खोली कायमची कुलूप लावून ठेवावी. पाहुणा येवो वा न येवो, घरच्यांस ती मिळत नाहीं. ही पहिली रीत. यंत्र चालू होतांच, विंडोज जागी होण्यापूर्वींच, हा भाग बाजूला काढला जातो, आणि हरवलेली मेमरी ती हीच. दुसरी रीत ओसरीसारखी आहे : पाहुणा आला तर त्यानें तेथें पथारी पसरावी, गेला कीं जागा पुन्हां घरच्यांची. टास्क मॅनेजरमध्यें ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून जो मोठा, बहुधा एकंदर मेमरीच्या निम्म्याइतका, आंकडा दिसतो, तो या ओसरीचा होय. ती केवळ कमाल मर्यादा आहे; तेवढी मेमरी गेली असें समजून धास्तावण्याचें कारण नाहीं.

कुलूपबंद खोली एवढी मोठी कां, हा प्रश्न रास्त आहे. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरले, तरी एका चित्रास ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारें ८ एमबी पुरतात. २ जीबींत अशीं अडीचशेंहून अधिक चित्रें मावतील. खेळांसारख्या चित्रप्रधान कामांस ही राखीव जागा उपयोगी पडते. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें वा व्याख्यानें पाहणें यांस ती एवढी लागत नाहीं.

म्हणून खर्चापूर्वीं परीक्षा करावी, आणि ती क्रमानें करावी. प्रथम सेटिंग्ज उघडून सिस्टिम व मग अबाउट या ठिकाणीं बसविलेली मेमरी किती व वापरण्याजोगी किती, हें पाहावें. बसविलेलाच आंकडा कमी दिसत असेल, तर मेमरीची पट्टी सैल किंवा नादुरुस्त असण्याचा संभव आहे; तें काम कारागिराचें. तो आंकडा बरोबर असून वापरण्याजोगाच कमी असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समधील मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हा आंकडा वाचावा. उणीव व हा आंकडा जुळले, तर मेमरी चोरीस गेलेली नसून राखून ठेवलेली आहे हें ठरलें.

तरी राखणारा ग्राफिक्सच असें लगेच मानूं नये. अबाउटच्या पानावरच विंडोज ३२ बिटांची कीं ६४ बिटांची तें लिहिलेलें असतें. ३२ बिटांच्या विंडोजला एकंदर ४ जीबीपलीकडील मेमरी उपयोगांत आणतां येत नाहीं. विंडोज ११ केवळ ६४ बिटांचीच आहे, म्हणून हा दोष जुन्या यंत्रांतच आढळतो. तसेंच एमएसकॉन्फिग या साधनांत बूटच्या प्रगत पर्यायांमध्यें ‘मॅक्झिमम मेमरी’वर खूण असल्यास ती काढावी.

एवढ्यानें न भागल्यास यंत्राच्या बायोसकडे वळावें. तेथें एएमडीच्या यंत्रांत ‘यूएमए फ्रेम बफर साइझ’ व इंटेलच्या यंत्रांत ‘डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड’ अशा नांवाचा पर्याय आढळल्यास त्याचा आंकडा कमी करावा, अथवा तो ‘ऑटो’वर ठेवावा. अनेक लॅपटॉपांत हा पर्याय ग्राहकास दिसतच नाहीं. अशा वेळीं निर्मात्यानें बायोसची नवी आवृत्ति काढली आहे काय, हें पाहावें.

मात्र बायोसला हात लावण्यापूर्वीं एक सावधगिरी अवश्य घ्यावी. पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकरनें डिस्क कुलूपबंद केलेली असते, व बायोसमधील बदलानंतर यंत्र ४८ अंकी रिकव्हरी की मागूं शकतें. ती आधींच कागदावर उतरून ठेवलेली नसेल, तर २ जीबी मेमरी परत मिळवितांना वर्षांचे फोटो व कागदपत्रें गमावण्याची वेळ येईल.

शेवटीं लाभाचा हिशेब करावा. १६ जीबींतून २ गेले, तर घरगुती कामास फारसें अडत नाहीं. व्यवस्था आहे तशीच राहूं द्यावी. ८ जीबींतून २ गेले, तर चवथाई गेली, आणि तेथें प्रयत्न करणें योग्य ठरतें. पर्याय दिसतच नसेल आणि पट्टीसाठीं मोकळी खांच असेल, तर तेवढी एक पट्टी वाढवावी; नवा लॅपटॉप घेण्याच्या मानानें तो खर्च थोडा. मेमरी मुख्य फळीवरच डाग देऊन बसविलेली असेल, तर तोही मार्ग बंद होतो. म्हणून पुढच्या खरेदीच्या वेळीं दुकानदारास ‘मेमरी किती’ एवढेंच न विचारतां ‘त्यांतील वापरावयास किती व पुढें वाढवितां येईल काय’ हेंही विचारावें, आणि पैसे देण्यापूर्वीं तो आंकडा पडद्यावर पाहून घ्यावा.